ढोलकी थांबल्यावर

"बारामतीला निघालो आहे," असे पुण्यात कोणाला सांगितले, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "काय काम काढलंत?" बारामतीला माणूस काम काढूनच जातो, अशी पुणेकरांची समजूत आहे. मी आपले खरे ते सांगून टाकले, "एका लावणीसाठी जातोय." शेजारच्या काकू कोथिंबीर निवडत दारात बसल्या होत्या. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा आमच्या सौभाग्यवतींकडे पाहिले, आणि कोथिंबिरीची जुडी उचलून त्या आत गेल्या.

आता तुमचाही गैरसमज होण्याआधी सारे सांगतो.

मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. गेल्या वर्षी वर्गात शाहिरी काव्य चालू होते. ढोलकी, तुणतुणे, डफ, फेटे, शृंगार असा सारा थाट मी खडूच्या धुळीत उभा करीत होतो. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. हा मुलगा इंग्रजी गाणी ऐकतो आणि ती ऐकत असल्याचे केसांवरून कळते. तो म्हणाला, "सर, हे तर आमच्या 'किस'सारखंच झालं!"

वर्ग हसला. मी त्याला पुढे बोलू दिले. 'किस' हा अमेरिकेतला वाद्यवृंद, 1970 च्या दशकात गाजलेला. चौघे गडी तोंडाला पांढरे-काळे रंग फासून, वीतभर टाचांचे बूट घालून रंगमंचावर येत. जाळ काय, धूर काय, कानठळ्या काय! "पण सर," तो मुलगा म्हणाला, "1976 साली त्यांचं एक गाणं आलं, 'बेथ' नावाचं. ढोल वाजवणाऱ्यानेच ते म्हटलंय, अगदी हळू आवाजात. घरी वाट पाहणाऱ्या बायकोला तो सांगतोय, की आम्ही अजून वाजवतोच आहोत, मला यायला उशीर होईल. अमेरिकेत त्यांचं सगळ्यात वर चढलेलं गाणं तेच. माझे बाबा तेवढं एकच ऐकतात, आणि ऐकताना बोलत नाहीत."

तास संपल्याची घंटा झाली. मी मात्र खडू हातात धरून तसाच उभा होतो. मला माझा मामा आठवला होता.

मामाचे गाव इंदापूर तालुक्यात, भीमेच्या काठी. 1990 च्या सुमारास, मी दहा-अकरा वर्षांचा असताना, गावच्या यात्रेत तमाशाचा फड आला होता. त्या दिवसांत गुढीपाडव्याला गावोगावचे पुढारी नारायणगावला जात. तिथे फडांच्या राहुट्या लागत आणि यात्रेची सुपारी तिथेच ठरे. ही रीत आजही आहे. आईचा विरोध मोडून मामाने मला खांद्यावर बसवून नेले. गण झाला, गवळण झाली, सोंगाड्याची बतावणी झाली, रंगबाजीला शिट्ट्यांनी कनात हालली. सगळ्यांत मोठी शिट्टी मामाची होती! गुलाबी फेटा, मिशीला पीळ आणि दोन बोटे तोंडात. वग चालू असताना मी त्याच्या मांडीवर झोपून गेलो.

जाग आली तेव्हा पहाट व्हायला आली होती. निम्मी माणसे उठून गेली होती. ढोलकी थांबली होती. नुसती पेटी आणि तबला चालू होता, आणि फडातली एक वयस्क बाई खाली बसून, डोक्यावर पदर घेऊन, बैठकीची लावणी म्हणत होती. ती उठली नाही, नाचली नाही. एकच ओळ ती पुन्हा पुन्हा म्हणे आणि दर वेळी हाताची बोटे आणि भुवई वेगळे काही सांगत. दूर गेलेल्या कोणाची तरी ती वाट पाहत होती, एवढे मला कळले. वर पाहतो तो मामाच्या गालावरून पाणी ओघळत होते.

वाटेत मामा एवढेच म्हणाला, "आक्काला सांगू नगंस हां."

आणि मी सकाळी चुलीपुढे, सगळे घर चहाला बसले असताना, सांगितले. नक्कल करून सांगितले. बाई कशी गात होती आणि मामा कसा फेट्याच्या शेवाने डोळे पुसत होता! हशा पिकला. आजी मात्र हसली नाही. मामी भाकरी थापता थापता थांबली आणि पुन्हा थापू लागली. मामाने बशीतला चहा तसाच ठेवला आणि तो उठून गोठ्यात गेला. त्यानंतर तो कधी तमाशाला गेल्याचे मी ऐकले नाही.

ही गोष्ट मी तीस-पस्तीस वर्षे कोणाला सांगितली नव्हती. परीक्षेच्या कामाने बारामतीचे बोलावणे आले, तेव्हा ठरवले : बारामती करायची, आणि तिथून पुढे इंदापूर.

जानेवारीतली सकाळ. एस.टी. सोलापूर रस्त्याने निघाली. यवत मागे पडले आणि चौफुला आला. संगीतबारीच्या थिएटरांसाठी हे ठिकाण महाराष्ट्रभर ठाऊक आहे. सकाळच्या उन्हात त्या इमारती झोपलेल्या दिसत होत्या. गाडीतल्या भल्या माणसांनी त्या बाजूला न पाहण्याची जी शिकस्त केली, तिच्यावरून सगळ्यांना ठिकाण नीट माहीत असल्याचे समजले. पुढे पाटसला मोठा रस्ता सुटला आणि थोड्याच वेळात दोन्ही बाजूंनी ऊस सुरू झाला.

परीक्षेचे काम दुपारी उरकले. मी कऱ्हेच्या काठी बाबूजी नाईकांच्या वाड्याकडे गेलो. हे नाईक पेशव्यांचे सोयरे आणि सावकार. त्यांच्या आश्रयाला पन्हाळ्याहून एक तरुण ब्राह्मण आला, पुराण सांगू लागला आणि इथलाच झाला. हेच मोरोपंत. जन्म 1729, मृत्यू 1794, तोही बारामतीतच.

मोरोपंत म्हटले की आमच्या विद्यार्थ्यांना धडकी भरते. त्यांचा दोष नाही. पंत म्हणजे शब्दांचे केवढे तरी सराफ! त्यांची एकशेआठ रामायणे सांगितली जातात आणि त्यांत नाना कसरती आहेत. एका रामायणात तर ओठाला ओठ लावावा लागेल असे एकही अक्षर नाही. यमके, श्लेष, अनुप्रास! हाही एक भरजरी पोशाखच की! पण उतारवयात याच पंतांनी 'केकावली' लिहिली. केका म्हणजे मोराचा टाहो. मोराचा पिसारा सगळे पाहतात. त्याच मोराचा हा टाहो देवाला उद्देशून आहे. मी चुकलो, मला पदरात घे, एवढेच त्याचे सार. पंतांवर खरे प्रेम करणारा वाचक शेवटी तिथेच येऊन थांबतो.

आणि अशा पंतांपुढे राम जोशी उभा राहिला. सोलापूरचा हा ब्राह्मण, थोरला भाऊ कीर्तनकार. रामाला नाद तमाशाचा. संस्कृत शिकलेला हा गडी फडात उभा राहून लावण्या म्हणू लागला. बारामतीला त्याची आणि पंतांची गाठ पडली, पंतांच्या सांगण्यावरून तो पुढे कीर्तनाकडे वळला आणि पंतांच्या आर्या त्याने कीर्तनातून घरोघर पोचवल्या, अशी परंपरा आहे. 1947 साली त्याच्यावर 'लोकशाहीर राम जोशी' हा चित्रपट निघाला. जयराम शिलेदार आणि हंसा वाडकर यांची कामे जुनी मंडळी अजून आठवतात.

ही गोष्ट मी वर्गात वर्षानुवर्षे एकाच वळणाने सांगत आलो : पंडिताने तमासगिराला सन्मार्गाला लावले. वाड्यापुढे उभा असताना प्रथमच तिची दुसरी बाजू दिसली. सन्मार्ग दाखवायचा तर आधी ऐकावे लागते. पंतांनी त्याला ऐकले असेल, तेव्हाच डफाच्या दणक्यामागे एक हळवा कवी आहे, हे त्यांना कळले असेल. ज्याच्यापाशी केका आहे, त्यालाच दुसऱ्याची केका ऐकू येते.

नाही तरी आपण पांढरपेशे लोक या बाबतीत मोठे लबाड! होनाजी बाळा हे तमाशाचे शाहीर. 1951 सालच्या 'अमर भूपाळी' या चित्रपटातून होनाजीची भूपाळी घराघरांत गेली आणि आपल्या किती तरी घरांत पहाट तिच्याने उजाडली. ती भूपाळी आपण देवघरात नेली आणि होनाजीचा फड वेशीबाहेर ठेवला. चुलीपुढे मामाची नक्कल करणारा तो मुलगाही असाच वागला होता.

दुसऱ्या दिवशी इंदापूरची गाडी धरली. अंतर 50 किलोमीटरच्या आसपास. हा तुकोबांच्या पालखीचा रस्ता. भवानीनगरचा साखर कारखाना गेला, जिथे पालखीचे गोल रिंगण होते ते बेलवाडी गेले. निमगाव केतकीला मी मुद्दाम उतरलो. इथले पानमळे आणि पानांचा बाजार प्रसिद्ध. मामाला पान आवडते; पन्नास पानांची चवड फडक्यात बांधून घेतली. लावणी ऐकायला जाणाऱ्याने रिकाम्या हाताने जाऊ नये!

इंदापुरात मालोजीराजांचे, म्हणजे शिवरायांच्या आजोबांचे, नाव मोठ्या मानाने घेतात. इथल्याच लढाईत ते पडले असे सांगतात. तिथून रिक्षाने मामाचे गाव गाठले तेव्हा ऊन कलले होते. मामा ओट्यावर बसला होता. वय पंचाहत्तरच्या पुढे. मिशी पांढरी, पीळ गेलेला, डाव्या कानाने ऐकू येत नाही.

"आलं का मास्तर!" तो म्हणाला. पाने पाहून हसला. "केतकीची दिसत्यात."

जेवणानंतर ओट्यावर आम्ही दोघेच होतो. मी त्याच्या उजव्या बाजूला सरकलो. बोलायचे शब्द मी पुण्यापासून जुळवीत आलो होतो. त्यातला एकही कामी आला नाही. "मामा, त्या यात्रेचं... मी सकाळी सांगायला नको होतं."

त्याने पान लावायचे थांबवले नाही. चुना पुसत म्हणाला, "ल्हान हुतास तू."

मग बऱ्याच वेळाने, पाण्याकडे बोट करून : "ती लावणी म्या पयल्यांदा तितं ऐकली. जुन्या गावात. पारावर."

मी पाहत राहिलो. समोर उजनीचे पाणी होते. 1980 च्या सुमारास धरण पुरे झाले आणि भीमेकाठची किती तरी गावे या पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी ओसरले की पळसदेवचे जुने देऊळ वर येते आणि माणसे पाहायला जातात. मामाचे जुने गाव, पार, वडिलांनी बांधलेला वाडा, नदीकाठचे काळे रान, सगळे तिथेच. नव्या गावठाणात यात्रा भरली, फड आला, आणि पहाटे त्या बाईने नेमकी तीच लावणी धरली. वाट पाहणारी ती बाई कोणाची वाट पाहत होती, हे मी त्या वयात कसे ओळखणार? आणि चुलीपुढे हसलेल्या घराने तरी?

"मग पुन्हा कधी गेला का नाहीत, मामा?"

"जाऊन काय? रडू आलं तर? पुन्यांदा कुनीतरी सांगंल." तो हसला, पण मला हसता आले नाही. आता फडात पहाटेची ती बैठक क्वचितच होते. रात्री ठरलेल्या वेळी वाद्ये थांबवावी लागतात, आणि लोकांना सिनेमाची गाणी हवी असतात. मी त्याच्याकडून जे नेले होते, ते आता परत आणून देणे माझ्या हाती नव्हते.

पहाटे मला जाग आली तेव्हा मामा ओट्यावर येऊन बसला होता. पाण्यावर धुके होते. भिगवणच्या बाजूने हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, त्यांचा कलकलाट लांबून येत होता. मी खिशातून फोन काढला. त्यात यमुनाबाई वाईकरांची एक बैठकीची लावणी होती. यमुनाबाईंनी अख्खे आयुष्य ही कला सांभाळली. 2012 साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि 2018 मध्ये, वयाच्या एकशेदोनाव्या वर्षी त्या गेल्या. फोन मी मामाच्या उजव्या कानाशी धरला. मामाची ती लावणी ही नव्हे, हे मला माहीत होते. तरी त्याने डोळे मिटले आणि त्याची बोटे मांडीवर हलू लागली.

मामी चहा घेऊन आली. कप खाली ठेवून ती आत जाईल असे वाटले होते. पण ती उंबऱ्याला टेकून बसली. तिच्या पिढीतल्या बायका तमाशाच्या कनातीत कधी गेल्या नाहीत. घरात निजून, वाऱ्यावर येईल तेवढी ढोलकी त्यांनी ऐकली. तिला ऐकू जावे म्हणून मी आवाज वाढवला. लावणी संपेपर्यंत कोणी बोलले नाही.

"हेच का ते," मामी म्हणाली, "ज्याच्यापायी ह्ये रडले हुते?"

"व्हय," मामा म्हणाला.

तिने पदर सारखा केला. "मग मला बी न्यायचं हुतं की एकदा," ती म्हणाली, आणि माझ्याकडे वळून, "लाव रं पुन्यांदा. च्या निवंना का."