फोटोतला ढोल

केळापूर हे मोठे मजेदार गाव आहे. तालुका त्याच्या नावाचा, पण तालुक्याच्या कचेऱ्या शेजारच्या पांढरकवड्यात! घराच्या दारावर पाटी थोरल्या भावाची असावी आणि संसार धाकट्याने चालवावा, तसा हा प्रकार. केळापूर त्याबद्दल रुसलेले दिसत नाही. त्याच्यापाशी जगदंबेचे देऊळ आहे. नवरात्रात सारा मुलूख तिच्या दर्शनाला लोटतो, मग कचेरी नसली तरी काय बिघडले?

नागपूरहून हैदराबादकडे जाणारा हमरस्ता धरावा. हिंगणघाट मागे पडते आणि दीडशेएक किलोमीटरवर पांढरकवडा येते. दिवाळीच्या सुमारास जाल तर दोहो बाजूंना काळ्या जमिनीवर कपाशी फुटलेली दिसेल आणि कमरेला ओटी बांधून वेचणी करणाऱ्या बायांच्या रांगा दिसतील. आणखी दक्षिणेला पाटणबोरी, पुढे पैनगंगा, आणि पलीकडे तेलंगण. याच पट्ट्यात गोंडांची गावे आणि कोलामांचे पोड आहेत. नवरात्र आटोपले, की तिथे दंडारीचे ढोल घुमू लागतात. मी जातो तो त्या ढोलांसाठी.

माझा धंदा गाण्याबजावण्याच्या कार्यक्रमांचे फोटो काढण्याचा. मुंबईच्या माणसाला हा धंदा चैनीचा वाटतो. तिकीट न काढता पुढच्या रांगेत बसायला मिळते ना! पण पुढे बसणारा ऐकतो कमी आणि पाहतो जास्त. रॉक संगीताच्या कार्यक्रमात बहुधा पहिल्या तीन गाण्यांपुरतीच फोटोची परवानगी असते. दिवा चमकवायचा नाही, आणि चौथ्या गाण्याला कॅमेरा पिशवीत. धोबी तलावाजवळच्या रंगभवनात असे कार्यक्रम पूर्वी उघड्या आकाशाखाली होत. जवळ रुग्णालये असल्यामुळे २००३ पासून तिथला गजबजाट थांबला.

त्या दुनियेतली माणसेही एकेक करून उठून गेली. आत्माराम भेंडे यांचे चिरंजीव नंदू भेंडे यांनी १९७४ साली 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार'मध्ये ज्यूडास रंगवला आणि मराठी घरातला मुलगा रॉक गातो हे शहराला दाखवून दिले. ते ११ एप्रिल २०१४ रोजी गेले. त्याच वर्षी सप्टेंबरात मँडोलिनचे यू. श्रीनिवास गेले, अवघे पंचेचाळीस वर्षांचे. झाकिर हुसेन १५ डिसेंबर २०२४ रोजी परदेशात निवर्तले. असा कुणी गेला, की वर्तमानपत्रांचे फोन येतात आणि जुनी पाकिटे उघडावी लागतात.

या पाकिटांत दोन जातींचे फोटो असतात. सेकंदाच्या पाचशेव्या भागात टिपलेला हात स्वच्छ येतो. नखे, शिरा, अंगठी, सारे दिसते. तिसाव्या भागात टिपलेला हात पुसट येतो, जणू धुराची रेघ. गिऱ्हाईक पहिला पसंत करते. मला दुसरा आवडतो, कारण थांबलेला हात मुका वाटतो आणि पुसट हात वाजत असतो. तरीही शहरातल्या गवयाच्या मागे निदान ध्वनिमुद्रिका उरतात. फोटो भिंतीवर आणि आवाज कपाटात, अशी वाटणी करता येते.

केळापूरकडे ही वाटणी होत नाही. दंडारीत ढोल असतो, डफडे असते, पेपरे नावाचे सनईच्या जातीचे वाद्य असते. मोरपिसांचा प्रचंड टोप घातलेला, अंगाला राख फासलेला घुसाडी नाचतो. त्या दिवसांत तो नाच्या नव्हे, देव मानला जातो. व्रत संपेपर्यंत तो अंघोळही करीत नाही. म्हणून कॅमेरा काढण्यापूर्वी गावाच्या वडीलधाऱ्यांना विचारावे. एका गावची दंडार दुसऱ्या गावी पाहुणी जाते, सोयरिकी जुळतात. ही नातीगोती पैनगंगेचा काठ जुमानीत नाहीत.

नदीपलीकडच्या आदिलाबादच्या डोंगरांत मारलावाई नावाचे गाव आहे. व्हिएन्नाचे मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ १९४० नंतरच्या दशकात पत्नी बेटी यांच्यासह तिथे राहिले. गोंडांचे सण, नाच, वाजंत्री त्यांनी कॅमेऱ्यात भरून ठेवली, आणि अनेक वर्षांनी ते पुन्हा त्या मुलखात आले. बेटीबाई १९८७ मध्ये वारल्या. त्यांची समाधी मारलावाईलाच आहे. हायमेनडॉर्फ १९९५ मध्ये गेले. त्यांचा संग्रह लंडनमध्ये जतन केलेला आहे. त्याच मारलावाईचे घुसाडीगुरू कनकराजू यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली आणि २०२४ च्या ऑक्टोबरात, ऐन दिवाळीच्या तोंडावर, ते निघून गेले. पण त्यांनी पुष्कळ तरुणांना नाच शिकवून ठेवला होता. लंडनच्या कपाटापेक्षा ही ठेव मोठी.

गेल्या दिवाळीत मी केळापूर तालुक्यातल्या एका गावी काही फोटो घेऊन गेलो. आदल्या वर्षी ढोल वाजवणारे एक आजोबा पावसाळ्यात गेले होते आणि घरात त्यांचे एकही चित्र नव्हते. मी दोन्ही जातींचे फोटो नेले होते. मुलाने पुसट हाताचा फोटो बाजूला ठेवला आणि स्वच्छ चेहऱ्याचा उचलून कपाळी लावला. त्याचे बरोबरच होते. हार चेहऱ्याला घालायचा असतो, धुराच्या रेघेला नव्हे.

नातू मात्र तो पुसट फोटो उजेडात धरून बराच वेळ पाहत राहिला. आजोबांनी टिपरू कुठे पकडले, मनगट किती वळवले, ते तो बघत होता. शेवटी त्याने ढोल घेतला, चार ठोके दिले आणि बापाकडे पाहिले. बापाने मान हलवली, जमले नव्हते. मग बाप मला म्हणाला, "फोटू तं चांगला आला भाऊ, पन यातला ढोल काई वाजत नाई. तो आता आमालेच वाजवा लागन." आणि तो पोराच्या मागे उभा राहून त्याचा हात हातात धरून ठोका देऊ लागला.

फोटोग्राफर गेलेल्या माणसाचे देणे किती फेडू शकतो, याचा हिशेब त्या अंगणात झाला. चेहरा घरी पोचवणे एवढे त्याच्या हातात असते. ठोका पोचवायला घरातलाच हात लागतो, आणि तोही वेळेवर. तेव्हा दिवाळीच्या सुटीत कुणी केळापूरची वाट धरलीत, जगदंबेचे दर्शन घेऊन दंडार पाहिलीत, तर फोटो जरूर काढा. फक्त घरी आल्यावर त्यांची एक प्रत टपालाने त्या गावी पाठवून द्या. पुढच्या दिवाळीपर्यंत थांबू नका.