पाणबुड्याची सुरी

पाणबुड्याची सुरी म्हटली, कीं पुष्कळांच्या डोळ्यांपुढें शार्क माशाशीं झुंजणारा एखादा वीर उभा राहतो. चित्रपटांनीं व साहसकथांनीं हा समज दृढ केला आहे. वस्तुतः पाणबुड्यास सुरी लागते ती कोणा प्राण्यास मारण्यासाठीं नव्हे, तर आपणांस किंवा सोबत्यास गुंत्यांतून सोडविण्यासाठीं. समुद्राच्या तळाशीं तुटलेलीं जाळीं, टाकून दिलेले दोर आणि गळाची तंगूस पडलेली असते. सुती जाळें कालांतरानें कुजून जातें. नायलॉनची तंगूस मात्र वर्षानुवर्षें टिकते, आणि पाण्यांत ती जवळजवळ दिसतच नाहीं.

१९४३ सालीं फ्रान्समध्यें जाक-ईव्ह कुस्तो व एमिल गान्यां यांनीं श्वासागणिक हवा पुरविणारें यंत्र सिद्ध केलें, आणि मनुष्य पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखालीं मोकळा फिरूं लागला. परंतु हें स्वातंत्र्य मोजून मिळालेलें आहे. २० मीटर खोलीवर शरीरावरील एकंदर दाब पृष्ठभागावरील दाबाच्या तिप्पट होतो, म्हणून प्रत्येक श्वासागणिक हवाही तिप्पट खर्च होते. त्यांत जो घाबरला, त्याचा श्वास अधिकच जलद चालतो. गुंत्यांत गेलेला प्रत्येक क्षण टाकींतून वजा होत असतो. म्हणूनच सुरीची निवड ही शोभेची बाब नव्हे.

मालवणच्या समुद्रांत एकदां आम्ही उतरलों असतां आमच्या जोडीदाराच्या टाकीची तोटी तंगुशींत अडकली. त्याच्या पोटरीस भली मोठी सुरी बांधलेली होती. पण गुंता पडला होता मानेमागें! तो जों जों वळे, तों तों फास अधिकच आवळे. त्याच्या तोंडांतून बुडबुड्यांचे लोट निघूं लागले. आम्हीं त्यास स्थिर राहण्याची खूण केली, पाठीमागें गेलों, आणि छातीच्या पट्ट्यास लावलेल्या बोटभर पात्यानें तीन ठिकाणीं धागा कापला. मिनिटभराचेंही तें काम नव्हतें. परंतु तेवढ्या अवधींत त्याच्या डोळ्यांत जें भय आम्हीं पाहिलें, तें आजही विसरतां येत नाहीं.

तेव्हांपासून कोणी आम्हांस सुरीविषयीं विचारलें, तर आम्ही प्रथम ती कोठें बांधणार, हें विचारतों. पोटरीच्या बाहेरील बाजूस बांधलेली सुरी स्वतःच दोऱ्यांत अडकते, आणि पाय गुंतले असतां तेथवर हात पोहोंचत नाहीं. छातीवर किंवा कमरपट्ट्याच्या पुढील भागीं, दोहोंपैकीं कोणताही हात पोहोंचेल अशी जागा उत्तम. त्यावरून आकारही आपोआप ठरतो. तेथें लहान पातेंच सोयीचें.

दुसरा प्रश्न धातूचा. न गंजणारें म्हणून विकलें जाणारें प्रत्येक पोलाद खाऱ्या पाण्यांत तसें राहतेंच असें नाहीं. ३१६ या जातीचें पोलाद गंजास चांगलें तोंड देतें, पण मऊ असल्यामुळें त्याची धार लवकर जाते. ४२० जातीचें पोलाद कडक केलें असतां धार अधिक धरतें, परंतु निगा न राखल्यास त्यावर तांबूस डाग पडतात. टायटेनियम समुद्राच्या पाण्यांत गंजत नाहीं व वजनासही हलकें असतें. मात्र त्याची किंमत अधिक. कोणतीही सुरी घेतली, तरी वर आल्यावर ती गोड्या पाण्यानें धुवून, पुसून कोरडी केली पाहिजे. हा पांच मिनिटांचा नेम जो पाळतो, त्याची साधी सुरीही पुष्कळ दिवस टिकते.

तिसरा प्रश्न टोंकाचा व धारेचा. अणकुचीदार टोंक दिसण्यांत रुबाबदार खरें. परंतु घाईंत तें हवेच्या नळीस, तरंगण्याच्या जाकिटास किंवा आपल्याच हातास भोंसकण्याचें भय असतें. नवशिक्यानें बोथट टोंकाचेंच पातें पसंत करावें. जाड दोरास करवतीसारखे दांते उपयोगी पडतात, तर बारीक तंगुशीस सरळ धार किंवा पात्यांतील आंकडीसारखी खांच. गळाची धातूची तार सुरीस सहसा दाद देत नाहीं. तेथें दणकट कात्री कामास येते. हातमोजे घालूनही ती म्यानांतून काढतां व परत ठेवतां येते काय, हें विकत घेण्यापूर्वींच पाहावें.

आणखी एक गोष्ट पालकांच्याही ध्यानांत असावी. विमानप्रवासांत ही वस्तु हातांतील पिशवींत चालत नाहीं. ती सामानांत ठेवावी लागते. मेक्सिकोंतील कोझुमेलसारख्या कांहीं संरक्षित सागरी उद्यानांत तर पाणबुड्यांस सुरी नेण्याचीच बंदी आहे. कारण हातीं पातें आलें, कीं प्रवाळ खरवडण्याचा मोह कित्येकांस आवरत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, प्रभूनें पेत्रास तरवार म्यानांत घालण्यास सांगितलें, ती कथा तुम्हीं पवित्र शास्त्राच्या तासास ऐकली आहे. पाणबुड्याची सुरीही बहुतेक काळ म्यानांतच असावी. परंतु ती बाहेर काढण्याचा प्रसंग आलाच, तर पुष्कळदां तो आपल्यासाठीं नसून जोडीदारासाठीं असतो. कारण आपली पाठ आपणांस दिसत नाहीं, ती सोबत्यासच दिसते. म्हणून पाण्यांत उतरण्यापूर्वीं परस्परांच्या सुऱ्या कोठें आहेत तें पाहून घ्यावें, आणि जोडीदारापासून दूर जाऊं नये.