वर्तुळातला दगड



पाचवीला परिसर अभ्यासाचा भाग २ शिकवताना मला नेहमी एक अडचण येते. जुना माणूस म्हटलं की मुलांना तो कुठेतरी दूर, गुहेत राहणारा वाटतो. म्हणून यंदा वर्ग घेऊन जुनापाणीला गेले. नागपूरहून काटोल रोडने गेलं की अगदी जवळ.

तिथे सुमारे ३०० शिळावर्तुळं आहेत. मोठे दगड गोलाकार मांडलेले, मधे गोट्यामातीचा भराव. काही दगडांवर वाटीसारखे छोटे खळगे कोरलेत. रिव्हेट-कार्नॅक यांनी १८७९ मध्ये यांच्याविषयी लिहिलं. १९६१-६२ मध्ये बी. के. थापर यांनी इथे उत्खनन केलं. ही आहेत साधारण अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची दफनस्थळं. काळाचं नाव महापाषाण, पण माणसं लोखंड वापरणारी! नायकुंडला तर त्यांची लोखंड गाळायची भट्टीच सापडली. कुडामातीची घरं विरून गेली, मृतांसाठी मांडलेले दगड तेवढे राहिले.

एक मुलगा म्हणाला, "मॅडम, हे त नुसते गोटे आहेत!"

मी त्याला रागावले नाही. लहानपणी आमच्या शेताच्या कडेला असंच एक वर्तुळ होतं. बाबांनी धुऱ्यासाठी त्यातले दगड काढले. दोन छोटे गोटे मीही डोक्यावर वाहिले. चूक करतोय असं कोणालाच वाटलं नाही, कारण ते काय आहे हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. मुलांना हे सगळं सांगून टाकलं.

मग आयर्लंडची गोष्ट सांगितली. तिथे हजार-दीड हजार वर्षांपूर्वी शेतकरी घराभोवती मातीचा गोल बांध घालायचे. असे सुमारे ४५,००० बांध नोंदले गेलेत. ती पऱ्यांची जागा, तिला हात लावला तर वाईट होतं, असं लोक मानायचे. म्हणून पुष्कळ जणांनी तिथे नांगर घातला नाही. त्या भीतीने बरेच बांध वाचवले. आपल्याकडे जुनापाणीला सरकारी संरक्षण आहे, पण शेताशिवारातल्या एकट्या वर्तुळाला कोण वाचवणार? भीती नको, निदान ओळख तरी हवी.

नंतर दोरी घेऊन मुलांनी एका वर्तुळाचा व्यास मोजला, कडेचे दगड मोजले, वहीत चित्र काढलं. त्रिज्या त्या दिवशी फळ्याविना समजली. एकही गोटा उचलायचा नाही, हा नियम त्यांनी स्वतःच केला.

परतताना त्याच मुलाने विचारलं, "मॅडम, तुमच्या बाबांनी नेलेले गोटे परत मांडता येतीन काय?"

"नाही रे. कोणता कुठे होता, ते आता कोणालाच माहीत नाही."

तो गप्प झाला. मीही.

नागपूर, वर्धा, भंडारा, चंद्रपूर भागातल्या शिक्षकांना आणि पालकांना एकच विनंती. तुमच्या शिवारात असं वर्तुळ असेल तर मुलांना दाखवा, मोजायला लावा, फोटो काढून ठेवा. दगड मात्र जागचा हलवू नका. तो कुठे ठेवलाय, तेच तर त्याचं सांगणं आहे.