भाराभर चिंध्यांची वाकळ



गेल्या कार्तिकात एक तरुण कीर्तनकार घरी मुक्कामाला आला. तो माझ्या पाया पडला, मी त्याच्या पडलो. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाला, "बाबा, सकाळी मुलांना पेटी शिकवतो. दुपारी दुकानांचे फ्लेक्स तयार करून देतो. कुणी बोलावले तर भक्तिगीतांच्या रेकॉर्डिंगला मागे साथ धरतो, आणि रात्री कीर्तन. घरचे म्हणतात, एक ना धड, भाराभर चिंध्या. आता वाटते, कीर्तनाचाच आकडा ठरवून टाकावा आणि बाकीचे सोडावे. तुम्ही किती घेत होता?"

त्या रात्री मला नीट उत्तर देता आले नाही. जेवण झाले, हरिपाठ झाला, तो झोपला. मी मात्र बराच वेळ जागा होतो. आज जे लिहितो आहे ते त्याचे उत्तर समजावे.

१९६८ साली मी आळंदीला आलो. विष्णुबुवा जोग महाराजांनी १९१७ साली लावलेल्या वारकरी शिक्षण संस्थेच्या सावलीत चार वर्षे राहिलो. मधुकरी मागितली, ज्ञानेश्वरी आणि गाथा पाठ केली, चाली शिकलो. मनात एकच होते, गावी जाऊन कीर्तन करायचे. गावी गेलो ते नेमके १९७२ साली. दुष्काळ पडलेला. ऐकणाराच उपाशी, तिथे सांगणाऱ्याला कोण काय देणार? दिवसा मी दुष्काळी कामावर खडी फोडली, तिथे मिळणारी सुकडी खाल्ली, आणि रात्री मारुतीच्या पारावर कीर्तन केले. त्या कीर्तनांना एक पैसा मिळाला नाही, पण तशी कीर्तने पुन्हा माझ्याकडून झाली नाहीत. कीर्तन पोट भरत नाही, पण पोटाची वेगळी सोय असली तर कीर्तन मोकळे राहते, हे मी तिथे शिकलो.

पुढे पुण्याला आलो. अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका छापखान्यात पोथ्यांची प्रुफे तपासण्याचे काम मिळाले, तेही फर्म्यावर पैसे. खिळ्यांची जुळणी असायची, एक अनुस्वार पडला तरी ओवीचा अर्थ फिरायचा. पाठांतराचा तिथे उपयोग झाला. सकाळी दोन वाड्यांत मुलांना पेटी शिकवायचो, संध्याकाळी एका भजनी मंडळाला चाली सांगायचो. लग्नसराईत लोक मंगलाष्टके लिहून मागत, तीही लिहिली. आमची मंडळी घरी वीणा-मृदंगाच्या गवसण्या शिवत. एवढे सगळे मिळून महिना कसाबसा जाई.

मग छापखान्यात संगणक आले. खिळे गेले, माझ्यासारखे प्रुफे वाचणारेही गेले. १९९१ साली ते काम सुटले आणि त्याच वर्षी थोरल्या मुलीचे लग्न ठरले. तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा एका सप्ताहाच्या मंडळींना आकडा सांगितला, एकवीसशे रुपये. त्यांनी कबूल केले. त्यांचा काही दोष नाही.

कीर्तनाला उभा राहिलो आणि निवडलेला अभंग बाजूला ठेवला. तो वैराग्याचा होता. मनात आले, इतके पैसे देतात, लोक हसले पाहिजेत, टाळ्या पडल्या पाहिजेत. दोन तास हशा पिकला. आरतीनंतर मंडळाच्या खजिनदारांनी सर्वांसमोर पाकीट दिले आणि म्हणाले, "बुवा, मोजून घ्या." मी मोजले. तेवढ्यात वीणेकरी म्हातारबाबा नेहमीप्रमाणे पायाशी वाकले. आपल्यात एक वाकला की दुसऱ्यानेही वाकायचे असते. माझ्या दोन्ही हातांत नोटा. मला वाकायला उशीर झाला, तोवर बाबा उठून पुढे गेले होते.

ते पैसे मी परत केले नाहीत. मुलीचे लग्न त्यातून झाले. पण तो उशीर मला आजही आठवतो.

तुकोबारायांनी या बाबतीत आपल्याला पळवाट ठेवलेली नाही. कीर्तन करणाऱ्याने त्या ठिकाणी जेवूसुद्धा नये, इथपर्यंत त्यांचे सांगणे आहे. मात्र त्यांच्याच चरित्रातली दुसरी एक गोष्ट आपण विसरतो. परंपरा सांगते की सावकारीची खतपत्रे त्यांनी इंद्रायणीत सोडली ती आपल्या वाट्याची. धाकट्या कान्होबांचा अर्धा वाटा आधी वेगळा काढून दिला. वैराग्य स्वतःचे होते, त्याचा भुर्दंड भावाच्या संसारावर घातला नाही. गोरोबाकाकांनी तेरला माती तुडवली, सावतोबांनी अरणला मळा पिकवला, सेना महाराजांनी हजामती केल्या. नाम विकून घर चालवायचे नाही आणि घर उपाशी ठेवून नामाचा मोठेपणा मिरवायचा नाही, या दोन्ही गोष्टी सांभाळायच्या तर हाताला काम लागतेच.

म्हणून त्या लग्नानंतर मी चाळिशीत नवे काम शिकलो. एका कारागिराच्या पायाशी बसून मृदंगाची पुडी चढवणे, वादी ओढणे, शाई भरणे शिकलो. पहिली दोन वर्षे माझी शाई तडकायची. मग हात बसला. वैशाखात दिंड्यांचे मृदंग दुरुस्तीला येत, तेव्हा रात्री बारापर्यंत काम असे. ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींची पालखी निघाली की आषाढी होईपर्यंत कमाई शून्य, शिकवण्याही बंद. म्हणून वैशाखातले पैसे मंडळी पोस्टात टाकत आणि आषाढ संपेपर्यंत त्यांना हात लावू देत नसत. पिके निघाली की सप्ताह सुरू होत. तिथे मी जाण्यायेण्याचे भाडे आणि नारळ घेई. पंगतीला मात्र बसत असे. तेवढी माझी ढिलाई, ती मान्य करतो.

तेव्हा त्या तरुणाला माझे सांगणे एवढेच. फ्लेक्सचा दर आधी सांग, शिकवणीचे पैसे महिन्याच्या महिन्याला माग, त्यात लाज नाही. उधारी वहीत लिही. चार कामांपैकी एक तरी असे शिक की लोक तुझ्या दारी आले पाहिजेत. रिकामे महिने कोणते, ते आधीच ओळखून ठेव. आणि एक काम बुडाले तर घाबरू नकोस, बाकीची उभी असतात. पण त्या सगळ्यांनी मिळून एका कामाला विक्रीपासून वाचवायचे आहे, हे ध्यानात ठेव. ते विसरलास तर घरचे म्हणतात तशा त्या नुसत्या चिंध्याच.

याची किंमत पडत नाही असे नाही. माझ्या मुलाला हव्या त्या कॉलेजात घालता आले नाही. तो एकदा म्हणाला, "एकच धरून राहिला असता तर?" त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही. निवृत्तिवेतन नाही. आज त्याच मुलाच्या आधारावर घर चालते, हेही लपवत नाही.

मंडळींना जाऊन सहा वर्षे झाली. गवसण्यांच्या उरलेल्या तुकड्यांची त्यांनी एक वाकळ शिवली होती. भगवा, तांबडा, खादीचा पांढरा, एकही तुकडा दुसऱ्यासारखा नाही. त्या रात्री थंडी होती, म्हणून तीच त्या पोराच्या अंगावर घातली होती. सकाळी उठून त्याने तिची नीट घडी केली आणि म्हणाला, "बाबा, ऊब चांगली आहे. पण आकडा नाही सांगितलात."

मृदंगाला शाई भरण्याचा विचारला असता, तर लगेच सांगितला असता.

रामकृष्ण हरी.