टक् वाजते, इंजिन फिरत नाही

चावी फिरवल्यावर नुसता ‘टक्’ आवाज येतो आणि इंजिन फिरतच नाही, तेव्हा जुन्या डिझेल ट्रकचा दोष बहुधा बॅटरीपासून सेल्फपर्यंतच्या (स्टार्टर मोटरपर्यंतच्या) वाटेत असतो. अशा वेळी डिझेल पंप किंवा नोझल खोलणे व्यर्थ आहे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा सुमारे 17 पट दाबली जाऊन तापते, तेव्हाच डिझेल पेटते. एवढ्या दाबाविरुद्ध इंजिन फिरवायला सेल्फला शेकडो अँपिअर करंट लागतो. दिव्याला मोजके अँपिअर पुरतात. म्हणून दिवे लागतात एवढ्यावरून बॅटरी चांगली ठरत नाही.

तपासणीआधी गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला आणि चाकांखाली ठोकळे हवेत. नंतर आवाज ऐकावा. सलग टकटक म्हणजे सेल्फवरचा सोलेनॉइड (चुंबकी स्विच) ओढला जातो, पण भार येताच व्होल्टेज कोसळते, तो सुटतो आणि पुन्हा ओढला जातो. इथे संशय बॅटरीवर किंवा सैल जोडावर. एकच ठोका पडला आणि दिवे तसेच प्रखर राहिले, तर करंट मोटरमधून वाहत नाही. ठोक्याबरोबर दिवे मंदावले, तर बॅटरी किंवा सेल्फ खराब असण्याची, नाहीतर खुद्द इंजिन अडकले असण्याची शक्यता धरावी.

पहिले काम जोडांचे. विरारसारख्या किनारी भागात समुद्राची खारी, दमट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. टर्मिनल आणि चॅसिसवरचे अर्थिंग इथे लवकर गंजते. मुंबई–अहमदाबाद महामार्गावर विरार फाट्याजवळ ट्रक अडला, तर नवा सेल्फ शोधण्याआधी हे जोड सोडवून, घासून, घट्ट आवळावेत. सोडताना अर्थिंगची वायर आधी, जोडताना शेवटी.

मग मोजमाप. 24 व्होल्टच्या गाडीत 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असतात. प्रत्येक वेगळी मोजावी, कारण एक खचली तरी दोन्ही निकामी ठरतात. पूर्ण चार्ज बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना ती 9.6 च्या खाली गेली, तर आधी चार्ज करून पुन्हा पाहावी. केबलही सेल्फ मारतानाच मोजावी. करंट वाहत नसेल तर गंजलेली केबलही पूर्ण व्होल्टेज दाखवते. तिच्या दोन टोकांत अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक दिसला, तर दोष तिथेच.

बॅटरी आणि केबल निर्दोष ठरल्यावर सोलेनॉइडचे दोन जाड बोल्ट पाहावेत. ठोका पडताना मोटरकडच्या बोल्टवर व्होल्टेज आले नाही, तर आतले तांब्याचे संपर्क जळलेले आहेत. व्होल्टेज येऊनही मोटर गप्प असेल, तर कार्बन ब्रश झिजलेले किंवा आर्मेचर खराब.

शेवटी अर्थिंग सोडून इंजिन हाताने, पान्याने फिरवून पाहावे. ते अडत असेल, तर सिलिंडरमध्ये पाणी किंवा डिझेल साचलेले असू शकते. अशा ट्रकला धक्का मारणे घातक. द्रव दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. नोझल काढून सिलिंडर मोकळे करावेत आणि पाणी किंवा डिझेल कुठून शिरले ते शोधावे. एकेक जागा मोजून निर्दोष ठरवत गेले, की मालकाचा पैसा चांगल्या भागांवर वाया जात नाही. कारागिरीचा प्रामाणिकपणा तो हाच.