मुळशीच्या पाण्याकाठी

मोटार माणसाला ठिकाणी पोहोचवते. ते ठिकाण दाखवतेच असे नाही. अमेरिकेतील मिशिगन राज्यात मॅकिनॅक नावाचे बेट आहे. तेथे १८९८ सालापासून मोटारींना बंदी आहे. सुटीसाठी येणारे लोक ते बेट पायी, घोडागाडीतून अथवा सायकलवरून पाहतात. आपल्या माथेरानची कीर्तीही अशीच. मोटार दस्तुरी नाक्यावर ठेवून पुढे जावे लागते. मुळशीला मात्र असा नियम नाही. शनिवार-रविवारी तेथे मोटारींची रीघ लागते. म्हणून धर्मग्रामातील चार तरुणांसह आम्ही वैशाखातला एक सोमवार निवडला आणि सायकली बाहेर काढल्या.

पुणे हे एकेकाळी सायकलींचे शहर होते. सेमिनरीच्या दिवसांत तासाच्या भाड्याने सायकल घेऊन आम्ही सारे शहर पालथे घालीत असू. आता गुडघे कुरकुरतात, परंतु पायडल मारण्याची विद्या विसरता येत नाही.

पहाटेच चांदणी चौक ओलांडला. भूगाव, भुकूम मागे पडले आणि पिरंगुटच्या घाटात आमच्या वयाची परीक्षा झाली. मोटारीत बसणाऱ्याला चढ जाणवत नाही; सायकलस्वाराच्या मांड्यांना तो नेमका कळतो. भातरोपांसाठी शेतकऱ्यांनी राब भाजला होता, त्याचा करपट वास वाऱ्यावर येत होता. पौडच्या पुढे रहदारी विरळ झाली. मग पाखरांचे आवाज ऐकू येऊ लागले आणि वळणापलीकडे मुळशीचा जलाशय दिसला. उन्हाळ्याने पाणी बरेच खाली गेले होते. काठाची तांबूस, भेगाळलेली जमीन उघडी पडली होती.

रस्त्याकडेला एक वृद्धा पळसाच्या पानांच्या द्रोणांत करवंदे घेऊन बसली होती. मोटारीत असतो तर ती आम्हाला दिसलीही नसती. आम्ही उतरलो.

“कुठलं गाव, आजी?” बरोबरच्या एका तरुणाने विचारले.

तिने पाण्याकडे हात केला. “मूळचं गाव त्या पान्याखाली हाय, बाबा. आजेसासऱ्याची भातखाचरं व्हती तितं. आंबेमोहोर पिकायचा म्हनं. म्या काय बघितला न्हाई, सासूच्या तोंडून ऐकलं.”

करवंदांचे पैसे देऊन आम्ही तेथेच सावलीत बसलो. तरुणांना मुळशी सत्याग्रहाची काहीच माहिती नव्हती. टाटा कंपनीने विजेसाठी मुळा नदीवर धरण बांधायला घेतले, तेव्हा खोऱ्यातील पन्नासच्या आसपास गावांवर संकट आले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळे शेतकरी धरणाच्या जागी सत्याग्रहाला बसले. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे त्यांचे पुढारी. बापटांना ‘सेनापती’ हे नाव याच लढ्याने दिले. त्यांना तीनदा कारावास झाला, अखेरची शिक्षा सात वर्षांची. धरणाविरुद्धच्या जगातील आरंभीच्या संघटित लढ्यांत याची गणना होते. तरीही धरण झाले आणि गावे पाण्याखाली गेली. पूर्वेकडे वाहून पुण्यात मुठेला मिळणारे पाणी सह्याद्री भेदून पश्चिमेला कोकणात भिरा येथे नेण्यात आले. १९२७ साली तेथे वीजनिर्मिती सुरू झाली. मुंबईच्या गिरण्या व घरे त्या विजेवर उजळली.

“म्हणजे धरण बांधायलाच नको होते का, फादर?” एकाने विचारले.

प्रश्न सोपा नव्हता. मुंबईत ज्यांचे नातलग गिरणीत राबले, अशी कुटुंबे आपल्या धर्मग्रामातही आहेत. त्या विजेवर त्यांची चूल पेटली. वीज हवीच होती. परंतु एकाच्या दिव्यासाठी दुसऱ्याचे शेत घ्यायचे, तर त्याची संमती, त्याचे योग्य पुनर्वसन आणि त्याची आठवण, एवढे तरी देणे लागते. पहिल्या दोन गोष्टी तेव्हाच्या सत्ताधाऱ्यांच्या हाती होत्या. तिसरी आजही आपल्या हाती आहे.

आज या पाण्याकाठी बंगले आणि रिसॉर्ट उभे आहेत. सुटीला येणाऱ्यांना हे तळे निसर्गाने दिलेले वाटते. तसे वाटण्यात त्यांचा दोष नाही. ताशी साठ किलोमीटरच्या वेगात पाणी तेवढे दिसते. सायकल सावकाश चालते, चढावर उतरायला लावते, तहान लागली की कोणाच्या तरी दारात उभे करते. त्यामुळेच माणसांशी बोलणे होते.

वाचकहो, या सुटीत मुलांना घेऊन मुळशीला अवश्य जा. सायकल झेपत नसेल तर गाडी एका बाजूला लावून कोसभर पायी चला. पाण्यात दगड मारण्याआधी मुलांना सांगा, की येथे भात पिकत होता. आणि काठावर कोणी वडीलधारे भेटले, तर त्यांच्या मूळ गावाचे नाव विचारा.