पुढच्या वर्षीं

जी गोष्ट कधींहि पाहतां येईल अशी आपली खात्री असते, ती नेमकी पाहावयाची राहून जाते. चंद्रपुरांत जन्म काढूनहि ताडोबा न पाहिलेले गृहस्थ मोजूं लागलों, तर पहिलें बोट मला स्वतःसाठींच मोडावें लागेल. ‘पुढच्या वर्षीं जाऊं’ या वाक्यानें माझ्या जितक्या इच्छांचा घात केला, तितका गरिबीनेंहि केला नसेल. पण एकदां या वाक्यानें मीं दुसऱ्याच्या इच्छेचा घात केला, तें मात्र मनाला अजून डांचतें.

माझे थोरले बंधु वनखात्यांत होते. १९८२ सालीं चंद्रपुरांतून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हां त्यांची नेमणूक आलापल्लीस होती. तेथील सागवानी रानांत चार हौशी मंडळींनीं मुरूम ठोकून, चुन्याच्या रेघा ओढून टेनिसचें मैदान केलें होतें. चेंडू झुडपांत गेला कीं आधीं काठीनें पाला हलवावयाचा आणि मगच हात घालावयाचा! दादांना या खेळाचा नाद लागला तो तेथें.

२०१८ च्या जानेवारींत ‘महाराष्ट्र ओपन’ पुण्यास आली. धंदेवाईक पुरुष खेळाडूंची, दक्षिण आशियांतील त्या दर्जाची ही एकुलती एक स्पर्धा १९९७ पासून २०१७ पर्यंत चेन्नईस भरत असे; आतां ती बालेवाडीस भरणार होती. दादांनीं वर्तमानपत्र माझ्यापुढें सरकविलें. मीं म्हटलें, “पुढच्या वर्षीं.”

पुढच्या वर्षीं धानाची मळणी आडवी आली. अंतिम सामन्यांत केविन अँडरसन व एकोणचाळीस वर्षांचा इव्हो कार्लोविच, दोघेहि साडेसहा फुटांहून उंच, तिन्ही सेट टायब्रेकपर्यंत झुंजले. अँडरसन ७-६, ६-७, ७-६ असा जिंकला. दूरचित्रवाणीसमोर गुडघे चोळीत दादा म्हणाले, “त्या म्हाताऱ्याला प्रत्यक्ष पाहायला हवें होतें.”

२०२० सालीं घरांत लग्न निघालें. २०२१ सालीं महामारीमुळें स्पर्धाच झाली नाहीं. २०२२ सालीं रोहन बोपण्णा व रामकुमार रामनाथन यांनीं दुहेरी जिंकली, पण आम्हांस घराबाहेर पडण्याचा धीर नव्हता. २०२३ च्या जानेवारींत टॅलन ग्रीक्सपूर विजयी झाला, तेव्हां दादांना जिनाहि उतरवेना. ती पांचवी खेप शेवटचीच ठरली. २०२४ च्या आरंभीं वेळापत्रकांतील ती जागा हाँगकाँगला मिळाली.

आमच्या महाकालीची यात्रा चैत्रांत भरते. ती दुसऱ्या गांवीं हलवावी असें कोणाच्या मनांतहि येणार नाहीं. अशा स्पर्धेचें तसें नसतें. ती भरविण्याचा हक्क करारानें मिळतो. करार सरला कीं तंबू उठतो. हें मला ठाऊक असावयास हवें होतें.

मीं दादांपाशीं चूक कबूल केली. ते रागावले नाहींत. म्हणाले, “आलापल्लीस बायका मोहफुलें वेंचायला पहांटेच निघत. उन्हें चढल्यावर जाणाऱ्याला अस्वलाचें उष्टें मिळायचें.” मग थोडें थांबून म्हणाले, “तें मैदान एकदां पाहायचें आहे. कधीं नेतोस?”

जिभेवर जुनेंच वाक्य आलें होतें. तें गिळून मीं म्हटलें, “शनिवारीं.”